आजीचं ताट सगळ्यांच्या शेवटी का?

वर्षावास सुरू झाला की विहारात सगळ्यांच्या आधी येऊन बसतात त्या आपल्या वयस्कर उपासिका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालू असताना तास-दीड तास त्या एका जागी बसून राहतात. अडचण येते ती उठताना. एक हात जमिनीवर, दुसरा शेजारणीच्या खांद्यावर, आणि दोन-तीन हिसक्यांनंतर कशाबशा उभ्या. "वय झालं आता," असं त्याही म्हणतात आणि आपणही म्हणतो. आम्हाला मात्र वाटतं की यात वयाचा जेवढा भाग आहे, तेवढाच ताटाचाही आहे. वय कमी करता येत नाही. ताट बदलता येतं.

आधी एक साधी गोष्ट बघू या. आपल्या घरात जेवायला शेवटी कोण बसतं? बहुतेक घरांत आधी कामावर जाणारे, मग पोरं, मग सून, आणि सगळ्यात शेवटी आजी. डाळीचा दाट भाग तोवर संपलेला असतो, पातेल्यात वरचं पाणी राहतं. कालची भाकरी "मला चालते" म्हणून तीच घेते. अंडी चारच असतील तर ती पोरांची. कोणी तिच्यावर जुलूम केलेला नसतो. उलट तीच सगळ्यांना आधी वाढते, कारण आयुष्यभर तिने हेच केलं. आजोबांचं थोडं बरं असतं, पण बायको गेली की त्यांचीही गत तीच होते. डबा झाकून ठेवलेला असतो आणि एकट्याने जेवायचं म्हणून ते दोन घास खाऊन उठतात.

१९२७ साली मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा, असं बजावून सांगितलं. गावाच्या दारातले तुकडे आपल्या आज्या-पणज्यांनी खरंच बंद केले. त्यासाठी उपाशी राहिल्या, मारही खाल्ला. त्यांच्याच लेकी-सुना आज म्हाताऱ्या झाल्यावर आपल्याच घरात उरलंसुरलं खात असतील, तर घरातल्या कर्त्या माणसांनी यावर बसून बोललं पाहिजे.

हिशेब करून बघा

साधारण चाळिशीनंतर अंगातले स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. स्नायू टिकायला दोन गोष्टी लागतात: हालचाल आणि प्रथिनं. तरुण माणसाला वजनाच्या एका किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वयस्कर माणसाला एक ते सव्वा ग्रॅमपर्यंत लागतात, असं वृद्धांच्या आहाराचे जाणकार आता सांगतात. म्हणजे म्हातारपणी भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज वाढते. "म्हाताऱ्या माणसाला काय लागतंय, चहा-बिस्किट झालं तरी पुरे," हे बोलणं म्हणूनच घातक आहे.

पन्नास किलो वजनाची आजी धरू. तिला दिवसाला कमीत कमी पन्नास ग्रॅम प्रथिनं हवीत. तिच्या पोटात प्रत्यक्षात काय जातं? सकाळी चहा आणि दोन टोस्ट. दुपारी एक भाकरी, कोरड्यासाचा रस्सा, थोडी भाजी. चारला चहा. रात्री भात आणि पातळ वरण. भाकरीतून पाच-सहा ग्रॅम, भातातून पाच, पातळ वरणातून तीन-साडेतीन, चहाच्या दुधातून तीन, टोस्टमधून तीन, भाजीतून एक-दोन. बेरीज बावीसच्या आसपास, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पोट भरलेलं वाटतं, भूक नाही असं ती खरंच सांगते, पण पोटरीचं मांस रोज थोडं थोडं झडत असतं.

आता याच दिवसात काय वाढवता येईल ते पाहू. एक उकडलेलं अंडं: सहा ग्रॅम. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम फुटाणे, दात नसतील तर त्यांची भरड: सहा ग्रॅम. वरण पाण्यासारखं न करता दाट, घोटून वाटीभर: आणखी तीन-साडेतीन. मटकी, चवळी किंवा मसूर यांची वाटीभर मऊ उसळ: सात. कपभर दूध: पाच. झाले पन्नास. यात महागडं काही नाही. एक अंडं वडापावपेक्षा स्वस्त पडतं. सोयाबीनच्या वड्या तर सगळ्यात परवडणाऱ्या. वाळलेल्या शंभर ग्रॅम वड्यांत पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. पंधरा ग्रॅम वड्या भिजवून, पिळून, बारीक करून रश्श्यात टाकल्या की खिम्यासारख्या लागतात आणि चावायचा त्रासही होत नाही.

एक सूचना. हे सगळं एका वेळेला खाऊ घालू नका. तिन्ही वेळच्या खाण्यात थोडं थोडं असावं. वयस्कर शरीर रात्रीच्या एकाच मोठ्या जेवणातून सगळं घेऊ शकत नाही. आणि ज्यांना डॉक्टरांनी किडनीचा आजार सांगितला आहे, त्यांनी प्रथिनं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच घ्यावीत. वरचा हिशेब त्यांच्यासाठी नाही.

टीव्हीवर दाखवतात त्या ताकदीच्या पावडरींबद्दल आम्हाला वारंवार विचारलं जातं. अशा बऱ्याच डब्यांत साखर आणि माल्टचाच भाग मोठा असतो; मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते नातवाकडून वाचून घ्या. त्याच पैशात महिनाभराचे फुटाणे, शेंगदाणे आणि नाचणी येते. फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे दळून डब्यात भरून ठेवा, नाचणीचं पीठ वेगळं भाजून ठेवा. दोन चमचे त्यातले, दोन चमचे यातले, दूध-पाण्यात शिजवून घेतलं की झालं.

अंडं-मटण खाणाऱ्यांचं आणि सोडलेल्यांचं

आपल्या समाजात मांसाहार पिढ्यान् पिढ्या आहे. सुकट, बोंबील, चाण्या, वजडी, पाया, कलेजी या खाण्याला लोकांनी नावं ठेवली, पण गरिबीत आपल्या माणसांच्या हाडामांसाला त्यानेच आधार दिला. कलेजीत लोह आणि बी-१२ भरपूर असतं. काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीत कॅल्शियम असतं. लाज वाटायचं काही कारण नाही. काळजी मिठाची घ्यायची. खारवलेली मासळी दोन-तीन पाण्यांतून धुऊन, थोडा वेळ भिजवून पाणी टाकून द्यावं, आणि रक्तदाब असेल तर ती क्वचितच खावी. दिवसभराचं मीठ सगळं मिळून एका लहान चमच्याच्या वर, म्हणजे पाच ग्रॅमच्या वर जाऊ नये. पापड, लोणचं, फरसाण आणि ठेचा यांतच ते बरंचसं संपतं.

धम्माच्या वाटेने जाताना अनेक उपासक-उपासिकांनी मांस-मासळी सोडली आहे. त्यांच्या निर्णयाचा आदर आहे. पण सोडल्यावर त्या जागी ताटात काय आलं, हा आमचा प्रश्न आहे. नुसता भात वाढला असेल तर नुकसान आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, पालेभाजीत मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून येतं. शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांच्या अंगातही ते कमी होत जातं. पायाला मुंग्या येणं, तळवे बधिर वाटणं, चालताना तोल जाणं, विसरायला होणं, सतत थकवा ही त्याची लक्षणं असू शकतात. "म्हातारपणाची लक्षणं" म्हणून ती सोडून देऊ नका; रक्ताच्या तपासणीत कळतं आणि औषधाने भरून काढता येतं. मांस सोडलेल्या आजी-आजोबांच्या ताटात रोज दूध-दही आणि दोन वेळा डाळ-उसळ आलीच पाहिजे.

दात, मिश्री आणि चहा

दात पडले की माणूस आधी भाकरी सोडतो, मग उसळ, मग मटण, आणि शेवटी चहात बुडवलेल्या खारी-टोस्टवर येऊन थांबतो. मैदा, साखर आणि तेल हेच त्याचं जेवण होतं. यावर आपल्या घरात जुने उपाय आहेत. भाकरी गरम असतानाच कुस्करून वरणात किंवा रश्श्यात काला करावा. ज्वारीच्या कण्या ताकात. नाचणीची आंबील. मुगाच्या डाळीची गुरगुटी खिचडी, वर चमचाभर तेल किंवा तूप. कुळथाचं किंवा बेसनाचं पिठलं पातळसर. शेवग्याचा पाला, तांदुळजा किंवा चुका डाळीत घोटून. तिळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी बारीक कुटून, मीठ-तिखट कमी घालून. नाचणीत वजनाच्या मानाने दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असतं, म्हणून हाडांसाठी ती रोज असली तर उत्तमच.

पेजेला आपण गरिबाचं खाणं समजतो. विनयपिटकात मात्र तथागतांनी तांदळाच्या पेजेचे, यागूचे, दहा फायदे सांगितल्याची नोंद आहे. त्यांत भूक-तहान भागणं, वात सरणं, पचन सुधारणं हे आहेच. आजारातून उठलेल्या माणसाला पेज द्यावीच. फक्त त्यात मूठभर मुगाची डाळ शिजवा, म्हणजे नुसतं पिठाचं पाणी होणार नाही.

कवळी हा चैनीचा विषय नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत खासगी दवाखान्याच्या मानाने फार कमी खर्चात कवळी बसवून मिळते. चार-पाच खेपा घालाव्या लागतात, रांग असते. घरातल्या कोणीतरी सुट्टी काढून सोबत जावं.

मिश्रीबद्दल बायका आमच्यावर रागावतात, तरी लिहितो. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने हिरड्या सैल होतात, तोंडाची चव जाते, भूक मरते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका राहतो तो वेगळाच. आजोबांच्या दारूचंही तेच. बावीस प्रतिज्ञांची आठवण त्यांना आम्ही करून द्यायला नको, पण दारूने जेवण सुटतं हे मात्र सांगायला हवं.

चहा बंद करा असं आम्ही म्हणणार नाही. कोण ऐकणार? पण जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. आणि जेवणात लिंबाची फोड पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं.

पाणी का पीत नाहीत?

आजी पाणी पीत नाही अशी तक्रार सुना करतात. कारण विचारलं तर बहुतेकींचं उत्तर एकच असतं: संडासला जावं लागतं. संडास गल्लीच्या टोकाला, रात्री दिवा नाही, जमीन ओली, आत धरायला काही नाही, पडण्याची भीती. म्हणून दुपारनंतर त्या घोटभर पाण्यावर काढतात. वयाने तहान लागल्याचं कळणंही कमी होतं. त्यातून बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ होते, चक्कर येते, आणि कधी कधी म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागतं. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झाला. पुष्कळदा कारण लघवीतला जंतुसंसर्ग किंवा पाण्याची कमतरता हेच निघतं.

पाण्याचा सगळा भर सकाळपासून दुपारी चार-पाचपर्यंत ठेवा. दिवसभरात सहा-सात ग्लास. त्यात ताक, आंबील, वरणाचं पाणी सगळं धरलं. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी तेच पाळावं. रात्रीसाठी पलंगाजवळ झाकणाचं भांडं ठेवायला लाजू नये. आणि सार्वजनिक संडासात दिवा आणि भिंतीला धरायला दांडी हवी, यासाठी मंडळाच्या नावाने वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. आहाराच्या पानावर संडासचा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. पण आजी पाणी का पीत नाही याचं उत्तर तिथेच आहे.

शुगर आणि उपोसथ

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

अष्टशीलात सहावं शील विकाल भोजनापासून दूर राहण्याचं आहे. दुपारी बारापर्यंत जेवायचं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी. वर्षावासात पौर्णिमा, अमावास्या, अष्टमीला अनेक वयस्कर उपासिका हे मनापासून पाळतात. ज्यांना शुगर नाही, त्यांना याचा सहसा त्रास नाही. पण जी आजी इन्सुलिन घेते, किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर खाली आणणारी गोळी घेते, तिने रात्रीचं जेवण टाळून औषध नेहमीसारखंच घेतलं तर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, माणूस गोंधळतो, झोपेतच बेशुद्धही होऊ शकतो. अशा वेळी शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा द्यायची, आणि मग काहीतरी खाऊ घालायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. १०८ ला फोन करायचा.

मग उपोसथ करायचाच नाही का? तथागतांनी सहा वर्षं देह कष्टवून पाहिला आणि ती वाट सोडली. सुजाताची खीर त्यांनी घेतली ती त्यानंतरच. भिक्खूंना दुपारनंतर भोजन नाही हा नियम घालतानाच आजारी भिक्खूसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधं त्यांनी मोकळी ठेवली. आजाऱ्याची सवलत धम्मातच आहे. ज्यांना शुगरची औषधं चालू आहेत त्यांनी पंचशील घ्यावं, त्यात जेवणाच्या वेळेचं बंधन नाही. ध्यान, वाचन, दान हे सगळं करता येतंच. तरीही अष्टशील घ्यायचंच असेल तर आठ दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन त्या दिवशीची गोळी किंवा इन्सुलिन किती आणि कधी, हे ठरवून घ्यावं. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. भन्तेजींनाही आमची विनंती आहे की अष्टशील देण्याआधी शुगरचं औषध कोणाला चालू आहे, एवढं विचारावं.

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता, रक्तदाब होता. १९४८ नंतर माईसाहेबांनी, त्या स्वतः डॉक्टर असल्यामुळे, त्यांचं पथ्यपाणी आणि औषध सांभाळलं. पथ्य म्हणजे उपासमार नव्हे. शुगर निघाली की कित्येक घरांत आजीचं दूध, केळं, भात, बटाटा सगळं बंद होतं आणि उरते कोरडी भाकरी आणि मिरचीचा ठेचा. भाकरीनेही शुगर वाढते. भाकरी-भाताचं प्रमाण कमी करून डाळ, उसळ, अंडं, पालेभाजी वाढवणं हे खरं पथ्य. विहारातल्या भोजनदानातही खीर-पुरी-भाताच्या जोडीला एक उसळ, कोशिंबीर आणि ताक ठेवता येईल. खर्चात फारसा फरक पडत नाही.

वजन कमी होतंय हे कसं ओळखायचं

बांगड्या सैल होऊन कोपरापर्यंत सरकतात, ब्लाउज ढगळ होतो, कवळी हलायला लागते. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जोडून पोटरीच्या सर्वांत जाड भागाला वेढा घालून बघा. वेढ्यात पोटरी बसून वर जागा उरत असेल तर स्नायू घटले असण्याची शक्यता आहे. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता येतं का, तेही बघा. जवळच्या आपला दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. न ठरवता तीन महिन्यांत तीन किलो उतरलं तर थांबू नका, तपासणी करून घ्या. टीबी, थायरॉइड, कॅन्सर किंवा नुसतं मन खचलेलं असणं, काहीही असू शकतं.

खाण्याबरोबर थोडी हालचाल हवीच. खुर्चीवरून उठ-बस सकाळ-संध्याकाळ दहा वेळा, भिंतीला धरून टाचा वर-खाली. अरुंद गल्लीत ऊन येत नसेल तर विहाराच्या ओट्यावर रोज थोडा वेळ हातपाय उघडे ठेवून बसावं. ड जीवनसत्त्व मुख्यतः उन्हातून मिळतं.

रेशन आणि पेन्शन

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे, पिवळसर दिसतात. ते प्लास्टिकचे म्हणून बायका निवडून फेकतात. ते फोर्टिफाइड दाणे आहेत, तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळून केलेले. साधारण शंभरात एक असतो. फेकू नका. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्या. विदर्भातल्या घरांनी तर हे लक्षात ठेवाच.

आयुष्यभर धुणीभांडी आणि बांधकामावर राबलेल्या हातांचे ठसे रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाला परत पाठवलं जातं. केवळ ठसा जुळत नाही म्हणून पात्र माणसाला धान्य नाकारू नये, अशा केंद्र सरकारच्या सूचना आहेत. मोबाईलवरच्या ओटीपीने किंवा डोळ्याच्या स्कॅनने काम होतं का ते विचारा, आणि तरी नाकारलं तर लेखी कारण मागा.

पासष्ट वर्षांवरच्या गरजू माणसांसाठी श्रावणबाळ योजनेतून महिन्याला १५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक लागतं. ज्यांचे सुरू आहेत त्यांच्या घरी आमचं एक सांगणं आहे. ते पैसे आजीच्या नावाने येतात. नातवाच्या रिचार्जला आणि गॅसला त्यातले जातात, हे आम्हाला माहीत आहे. निदान रोजच्या एका अंड्याचे, म्हणजे महिन्याचे अडीचशे रुपयांच्या आतबाहेरचे, तेवढे बाजूला काढून ठेवा आणि ते अंडं आजीच्याच ताटात पडतंय ना, हे जेवायला बसताना बघा.